भक्ती आणि पुरावा : गेओर्ग शुरहामर यांच्या इतिहासलेखनाची चिकित्सा

प्रास्ताविक

सोळाव्या शतकातील कोकण व गोमंतक यांच्या इतिहासाचा अभ्यास करू लागणाऱ्या मराठी अभ्यासकापुढे पहिली अडचण साधनांची येते. या काळाविषयीची देशी भाषांतील लेखी साधने विरळ आहेत. त्या तुलनेत पोर्तुगीज, लॅटिन, इटालियन व स्पॅनिश भाषांतील पत्रे, हिशेब, फर्माने आणि वृत्तान्त विपुल असून त्यांतील बराच भाग लिस्बन व रोम येथील दफ्तरखान्यांत सुरक्षित राहिलेला आहे. तळोजा-पनवेल परिसरातील अभ्यासकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. रायगड जिल्ह्यातील चौल-रेवदंडा व कोर्लई आणि उत्तरेकडील वसई ही ठाणी पोर्तुगीजांच्या 'उत्तर प्रांता'त मोडत होती. १७३९ मध्ये वसई मराठ्यांच्या हाती आली व १७४० मध्ये चौलही पोर्तुगीजांनी सोडले. तोपर्यंतच्या दोन शतकांचा या किनाऱ्याचा इतिहास परकीय कागदपत्रांना टाळून लिहिता येत नाही.

या कागदपत्रांच्या जंगलात ज्यांनी पायवाट पाडली त्यांत जर्मन जेझुइट इतिहासकार फादर गेओर्ग शुरहामर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. संत फ्रान्सिस झेवियर यांचे चरित्रकार म्हणून ते जगभर ओळखले जातात. मराठीत मात्र त्यांचा उल्लेख बहुधा तळटीपेपुरता येतो. प्रस्तुत लेखात त्यांच्या जीवनकार्याचा परामर्श घेऊन एका प्रश्नाचा विचार केला आहे. नवस फेडण्यासाठी लिहिलेले संतचरित्र हे चिकित्सक इतिहासलेखन होऊ शकते काय? होत असल्यास त्याची बलस्थाने व मर्यादा कोणत्या? आणि मराठी संशोधनाने त्यातून काय उचलावे?

१. जीवनपट

गेओर्ग शुरहामर यांचा जन्म २५ सप्टेंबर १८८२ रोजी जर्मनीतील फ्रायबुर्गजवळच्या ग्लॉटरटाल या खोऱ्यात झाला. १९०३ मध्ये त्यांनी जेझुइट संघात प्रवेश केला आणि १९०८ मध्ये ते मुंबईस आले. त्या काळी मुंबई-पुणे परिसरातील कॅथलिक मिशनचे काम जर्मन जेझुइटांकडे होते. १८६९ मध्ये स्थापन झालेले मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज हे त्याच कार्याचे फळ होय. तरुण शुरहामर येथे अध्यापन करीत असता त्यांची प्रकृती ढासळली. १९१० मध्ये जुन्या गोव्यात झेवियर यांच्या पार्थिव अवशेषांचे सार्वजनिक दर्शन घडविण्यात आले, तेव्हा ते तेथे गेले आणि बरे झाल्यास या संताचे चरित्र लिहीन असा नवस त्यांनी केला. आरोग्य लाभल्यावर त्यांनी हा नवस आयुष्याचे कार्य म्हणून स्वीकारला.

१९१२ मध्ये ते युरोपात परतले व १९१४ मध्ये धर्मगुरू झाले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हिंदुस्थानातील जर्मन जेझुइटांचे कार्यच खंडित झाल्यामुळे मुंबईशी असलेला जर्मन दुवा तुटला. शुरहामर यांचे पुढील आयुष्य प्रथम जर्मनीत व १९३०च्या दशकापासून रोममधील जेझुइट संघाच्या इतिहास संस्थेत व्यतीत झाले. २ नोव्हेंबर १९७१ रोजी रोम येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या ग्रंथकर्तृत्वाचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. १९२५ मध्ये त्यांनी झेवियर यांचे एक छोटेखानी चरित्र प्रसिद्ध केले. नवसाच्या दृष्टीने पाहिले तर तो येथेच फिटला होता. परंतु त्यांचे समाधान झाले नाही. 'फ्रान्झ झावेर : त्यांचे जीवन व त्यांचा काळ' अशा अर्थाच्या शीर्षकाच्या बृहद्ग्रंथाचा पहिला भाग १९५५ मध्ये, म्हणजे नवसानंतर पंचेचाळीस वर्षांनी, बाहेर पडला. दुसरा भाग १९६३ मध्ये, तिसरा १९७१ मध्ये आणि जपान-चीनविषयक अखेरचा भाग त्यांच्या निधनानंतर १९७३ मध्ये प्रकाशित झाला. एम. जोसेफ कॉस्टेलो यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९७३ ते १९८२ या काळात चार खंडांत आले. सेहेचाळीस वर्षे जगलेल्या एका व्यक्तीच्या चरित्राला सुमारे तीन हजार पृष्ठे व लेखकाच्या आयुष्याची साठ वर्षे लागली.

२. आधी साधने, मग चरित्र

१९२५ आणि १९५५ या दोन वर्षांच्या दरम्यान जे घडले त्यातच शुरहामर यांचे इतिहासकार म्हणून मोठेपण साठलेले आहे. १९३२ मध्ये त्यांनी झेवियर यांच्या काळातील पोर्तुगीज आशिया व शेजारचे प्रदेश यांच्या इतिहासाच्या समकालीन साधनांची सूची प्रसिद्ध केली. १५३८ ते १५५२ या अवघ्या पंधरा वर्षांच्या काळातील सहा हजारांहून अधिक कागदांचा सारांश तीत तारीखवार दिलेला आहे. लिस्बनच्या तोर्रे दो तोंबो या राष्ट्रीय दफ्तरखान्यातील विस्कळीत कागद तीत प्रथमच एका क्रमात लागले. त्यांत धार्मिक कागदांबरोबरच किल्लेदारांची पत्रे, जकातीचे व्यवहार, राजांशी झालेले करारमदार आणि शिपायांच्या अर्ज-विनंत्या यांचाही समावेश आहे. म्हणूनच झेवियर यांच्याशी कर्तव्य नसलेल्या संशोधकालाही ही सूची हाताशी ठेवावी लागते.

दुसरे काम झेवियर यांच्या पत्रांचे. जेझुइट संघाने आपल्या आद्य पुरुषांची कागदपत्रे छापण्याचा उपक्रम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच हाती घेतला होता. पण झेवियर यांच्या पत्रांच्या अनेक नकला, भाषांतरे व संक्षेप युरोपभर फिरत असल्याने अस्सल पाठ कोणता हा प्रश्न शिल्लकच होता. स्विस जेझुइट योझेफ विकी यांच्या सहकार्याने शुरहामर यांनी १९४४-४५ मध्ये या पत्रांची दोन खंडांतील चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. कोणते पत्र स्वहस्ताक्षरात आहे, कोणते लेखनिकाच्या हातचे, कोणत्या नकलेत कोणी काय गाळले, याची छाननी तीत केलेली आहे. पुढे विकी यांनी हिंदुस्थानातील जेझुइट पत्रव्यवहाराचे 'डॉक्युमेंटा इंडिका' या मालेतील खंड संपादित केले. त्या कामाला लागणारी शिस्त या आवृत्तीत आधीच दिसते.

मराठी वाचकाला येथे वि. का. राजवाडे यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि अस्सल कागदाखेरीज इतिहास नाही ही भूमिका राजवाड्यांनी महाराष्ट्रात रुजविली. दोघांची प्रेरणा भिन्न आहे. राजवाड्यांच्या मागे राष्ट्राभिमान होता, तर शुरहामर यांच्या मागे धर्मश्रद्धा. दोघांच्या परिस्थितीतही मोठे अंतर आहे. राजवाडे गावोगाव पायपीट करून वाड्यांच्या माळ्यांवरील रुमाल सोडवीत होते, तर शुरहामर यांच्या पाठीशी चार शतके कागद जपणारी एक जागतिक संघटना उभी होती. तथापि कागद आधी आणि मत नंतर, या क्रमाविषयी दोघांचे एकमत होते. राजवाडे आपल्या प्रस्तावनांतून भव्य सिद्धान्त मांडीत, प्रसंगी पुराव्याच्या पुढे धावत. शुरहामर सिद्धान्त मांडण्याचे टाळतात. हा त्यांचा गुण होय आणि तीच त्यांची मर्यादाही होय.

३. संतचरित्र आणि चिकित्सा

संतचरित्राचा वाङ्मयप्रकार मराठीस अपरिचित नाही. महीपतीने अठराव्या शतकात रचलेल्या चरित्रांत इतिहास व आख्यायिका एकजीव झालेल्या आहेत आणि त्या वेगळ्या करण्याचे काम आधुनिक अभ्यासकांना करावे लागले. झेवियर यांच्या बाबतीत हीच स्थिती होती. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्यालगतच्या बेटावर त्यांचे निधन झाले. १५५४ मध्ये देह गोव्यात आणण्यात आला आणि १६२२ मध्ये त्यांना संतपद घोषित झाले. या सत्तर वर्षांत चमत्कारकथांचे मोठे पीक आले. पोर्तुगालच्या राजाच्या आज्ञेवरून १५५६-५७ मध्ये गोवा, कोची, वसई व मलाक्का येथे साक्षी नोंदविण्यात आल्या आणि सतराव्या शतकाच्या आरंभी पुन्हा नव्याने चौकशा झाल्या. पहिल्या चौकशीतील साक्षीदारांनी झेवियर यांना प्रत्यक्ष पाहिलेले होते. नंतरच्या चौकशीत प्रामुख्याने ऐकीव गोष्टी सांगणारे पुढे आले. कोणती कथा कोणत्या थरात प्रथम दिसते हे पाहिले की तिची वाढ उलगडते. शुरहामर यांनी साक्षींचे असे थर वेगळे करण्यावर भर दिला.

या पद्धतीचा कस 'भाषासिद्धी'च्या कथेवर लागतो. झेवियर यांना कोणतीही भाषा न शिकता बोलता येई, असे नंतरच्या स्तुतिपर लेखनात सांगितले जाते. झेवियर यांच्या पत्रांतून उभे राहणारे चित्र अगदी निराळे आहे. मत्स्यकिनाऱ्यावर त्यांनी दुभाष्यांच्या मदतीने प्रार्थना तमिळमध्ये करवून घेतल्या आणि त्या पाठ केल्या. श्रद्धेच्या घोषणेत 'मी मानतो' या अर्थाच्या शब्दाऐवजी 'मला हवे' या अर्थाचा तमिळ शब्द पडला होता, हे ध्यानात आल्यावर १५४४ मध्ये त्यांनी सहकाऱ्याला पत्र लिहून दुरुस्ती कळविली. शब्दासाठी चाचपडणारा हा माणूस चमत्कार करणाऱ्या संतापेक्षा अधिक सजीव आहे. भक्ताने लिहिलेल्या चरित्रात तो जसाच्या तसा राहू दिलेला आहे, ही गोष्ट महत्त्वाची होय. आपला संत खऱ्या पुराव्यावर उभा राहिला तरच तो खरा, अशी शुरहामर यांची धारणा असावी असे त्यांच्या कार्यावरून म्हणता येते. श्रद्धा व चिकित्सा या परस्परविरोधीच असतात, या सरसकट समजुतीला त्यांचे उदाहरण छेद देते.

४. भाषांतराचा प्रश्न : जपान आणि मराठी

शुरहामर यांच्या ग्रंथांपैकी मराठी अभ्यासकाने सर्वाधिक लक्ष द्यावे असा ग्रंथ त्यांचे झेवियर-चरित्र नव्हे. तो १९२८ मध्ये प्रसिद्ध झालेला, सोळाव्या-सतराव्या शतकांतील जपानी जेझुइट मिशनमधील धार्मिक परिभाषेच्या प्रश्नावरील छोटा प्रबंध होय. त्यातील कथानकाची सुरुवात गोव्यात होते. कागोशिमाचा अंजिरो हा जपानी मनुष्य १५४८ मध्ये गोव्यात बाप्तिस्मा घेऊन सेंट पॉल कॉलेजात शिकला. १५४९ मध्ये झेवियर त्याच्यासह जपानला पोहोचले तेव्हा ईश्वरासाठी अंजिरोने सुचविलेला 'दाइनिची' हा शब्द वापरण्यात आला. तो शिंगोन या बौद्ध पंथातील महावैरोचन बुद्धाचा वाचक होता. भिक्षूंना ही आपलीच शिकवण वाटली. उलगडा झाल्यावर झेवियर यांनी तो शब्द टाकून लॅटिन 'देउस' स्वीकारला. पुढे १५५५च्या सुमारास बाल्थाझार गागो यांनी पन्नासांहून अधिक जपानी धार्मिक शब्द धोक्याचे ठरवून त्यांच्या जागी युरोपीय शब्द योजण्याचा आग्रह धरला.

हाच प्रश्न काही दशकांनी मराठीत उपस्थित झाला, पण त्याचे उत्तर वेगळे मिळाले. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यात बायबलमधील कथा ओवी छंदात, 'पुराण' या देशी वाङ्मयप्रकारात सांगितलेली आहे. स्वर्गासाठी 'वैकुंठ' यासारखे वैष्णव परंपरेतील शब्द तेथे निःसंकोचपणे येतात आणि त्यांच्या शेजारी युरोपीय उगमाचे पारिभाषिक शब्दही नांदतात. लंडनच्या मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखितात तर संस्कृत शब्दांचे प्रमाण अधिक दिसते. जपानमध्ये देशी शब्द धोकादायक ठरले. मग गोव्यात ते पुराणाच्या गाभ्यात कसे स्थिरावले? जपानमधील मिशनऱ्यांना राजसत्तेचे पाठबळ नव्हते, म्हणून त्यांना भाषेत कडेकोट बंदोबस्त करावा लागला. गोव्यात देवळे पाडली गेलेली होती, पोर्तुगीज सत्ता दृढ होती आणि १५६० पासून इन्क्विझिशनही सुरू झाले होते. जुन्या देवतांचे सार्वजनिक पूजन जेथे बंद पाडले गेले, तेथे त्यांच्या परिभाषेची भीती उरली नाही, असे या विरोधाभासाचे एक संभाव्य स्पष्टीकरण देता येते. मराठी ओवीतील 'वैकुंठ' हा शब्द म्हणजे केवळ सामंजस्याची खूण नव्हे. त्यामागे सत्तेचा आधारही आहे. शुरहामर यांची जपानविषयक चिकित्सा मराठीस लावून पाहिली की हा ताण दृष्टीस पडतो.

५. 'मराठी कवी' स्टीफन्स

१९५७ मध्ये शुरहामर यांनी रोमच्या जेझुइट इतिहासविषयक नियतकालिकात स्टीफन्स यांच्यासंबंधीची नवी कागदपत्रे प्रसिद्ध केली. लेखाच्या शीर्षकातच त्यांनी स्टीफन्स यांचा निर्देश 'मराठी कवी' असा केला. ज्या संशोधकाची दृष्टी झेवियर यांच्या कालखंडावर खिळलेली होती, त्याने १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या इंग्रज जेझुइटाकडे वळावे आणि त्याची ओळख मिशनरी म्हणून न देता एका देशी भाषेचा कवी म्हणून द्यावी, हे विशेष होय. १९०७ मध्ये जे. एल. सालढाणा यांनी मंगळुरात 'क्रिस्तपुराणा'ची आवृत्ती काढली होती. पुढे अ. का. प्रियोळकर यांनी गोव्यातील मुद्रण व भाषा यांचा सखोल अभ्यास केला. कारिदाद द्रागो यांची देवनागरी आवृत्ती १९९६ मध्ये आली आणि नेल्सन फाल्काव यांनी २००३ मध्ये या काव्यातील ख्रिस्ती-हिंदू संवादाचा अभ्यास सादर केला. या परंपरेत रोमच्या दफ्तरातील पत्रांनी कवीच्या चरित्राला पाया दिला.

अशा पत्रांचे वाङ्मयेतिहासातील मोल एका उदाहरणाने स्पष्ट होईल. स्टीफन्स यांनी १६०८ मध्ये संघप्रमुखांना लिहिलेल्या पत्रात देशी भाषेत व देशी लिपीत पुस्तके छापण्याची इच्छा व्यक्त केली आहे. युरोपीय लिपीला जेथे दोन डझन साचे पुरतात तेथे या लिपीला सुमारे सहाशे लागतील, ही अडचणही तीत नमूद आहे. 'क्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापले गेले त्यामागे देशी लिपीविषयी अनादर होता असे म्हणणे या पत्रामुळे अवघड होते. निदान एक कारण तांत्रिक होते. एका पत्रामुळे वाङ्मयेतिहासातील एक ठाम वाटणारे विधान सैल होते, हे साधनचिकित्सेचे फलित होय.

६. मर्यादा

शुरहामर यांच्या कार्याचा गौरव करताना त्यातील उणिवांकडे दुर्लक्ष करणे त्यांच्याच शिस्तीला सोडून होईल. पहिली मर्यादा तपशिलाच्या भाराची. नायक ज्या गलबतातून गेला त्याचे कप्तान, ज्या बंदरात उतरला तेथील इमारती, ज्यांना भेटला त्यांचे पूर्वचरित्र, हे सारे नोंदले जाते. वाचकाला काळाचे भव्य चित्र मिळते, परंतु कोणता तपशील अर्थपूर्ण व कोणता आनुषंगिक हा विवेक पुष्कळदा वाचकावरच सोपविला जातो.

दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. सहा हजार कागदांच्या सूचीत बोलणारे बहुतांशी पोर्तुगीज व मिशनरी आहेत. ज्यांचे धर्मांतर झाले ते मत्स्यकिनाऱ्यावरील परवर असोत वा तिसवाडीतील गावकर असोत, ते या इतिहासात संख्येने दिसतात, क्वचित नावाने भेटतात, पण स्वतःच्या शब्दांत जवळजवळ बोलत नाहीत. ज्यांनी गाव सोडून देव शेजारच्या मुलखात नेले त्यांची बाजूही परपक्षाच्या तक्रारींतूनच कळते. कागदावरची श्रद्धा कितीही प्रामाणिक असली तरी ज्यांनी कागद मागे ठेवला नाही त्यांच्यावर ती अन्याय करू शकते.

तिसरी मर्यादा मूल्यनिर्णयाची. १६ मे १५४६ रोजी झेवियर यांनी अंबोन येथून पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रात हिंदुस्थानात इन्क्विझिशनची गरज असल्याचे म्हटले आहे. हे पत्र शुरहामर व विकी यांनी आपल्या आवृत्तीत यथास्थित छापले. ते दडविले नाही, हा त्यांचा प्रामाणिकपणा होय. मात्र पत्र छापणे आणि त्याच्या परिणामांचा हिशेब मांडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झेवियर यांच्या निधनानंतर आठ वर्षांनी स्थापन झालेली ही संस्था मधला अल्पकाळ वगळता १८१२ पर्यंत चालली. चरित्राची कालमर्यादा १५५२ असल्याने तिचा विचार विषयाबाहेर राहतो. हा हिशेब प्रियोळकर यांनी १९६१ च्या आपल्या गोवा इन्क्विझिशनवरील ग्रंथात मांडला. रोममध्ये बसलेला जर्मन जेझुइट आणि मुंबईत बसलेला गोमंतकीय मराठी पंडित हे एकाच काळात, एकाच प्रदेशाच्या इतिहासावर काम करीत होते. एकाने विचारले, हा मनुष्य कोण होता व तो कोठे कोठे गेला? दुसऱ्याने विचारले, त्या वाटेवर लोकांचे काय झाले? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावाचून दुसऱ्याचे उत्तर आधारहीन राहते आणि दुसऱ्यावाचून पहिल्याचे उत्तर अपुरे राहते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की शुरहामर यांच्या भक्तीने त्यांच्या चिकित्सेला बाध आणला नाही, उलट तिला साठ वर्षे टिकणारे बळ दिले. परंतु कोणते प्रश्न विचारायचे याची कक्षा मात्र त्या भक्तीनेच आखली. एखाद्या साक्षीची तारीख, पाठाची शुद्धता, पत्राचे स्थळ यांबाबत त्यांच्यावर विसंबता येते. इतिहासाचा केंद्रबिंदू कोण, याबाबत त्यांच्याशी वाद घालावा लागतो. थोर साधनसंग्राहकाचे ऋण याच रीतीने फेडता येते.

मराठी संशोधनापुढे यातून दोन कामे उभी राहतात. पहिले, स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण', एतिएन द ला क्रुआ यांचे संत पीटरवरील पुराण आणि सतराव्या शतकातील अन्य ख्रिस्ती मराठी रचना यांतील धार्मिक परिभाषेची शब्दवार व कालक्रमाने छाननी करणे. जपानसाठी शुरहामर यांनी १९२८ मध्ये घालून दिलेला नमुना त्यास उपयोगी पडेल. दुसरे, चौल, कोर्लई व वसई परिसरातील गावांची स्थानिक साधने, म्हणजे शिलालेख, देवस्थानांच्या परंपरा, स्थलनामे आणि कोर्लईतील पोर्तुगीज-मिश्र बोली, ही परकीय कागदपत्रांच्या शेजारी ठेवून वाचणे. महाविद्यालयांतील मराठी, इतिहास व भाषाविज्ञान या विभागांनी ही कामे एकत्रितपणे हाती घेतल्यास या किनाऱ्याच्या इतिहासातील मूक राहिलेल्या पक्षाला काही अंशी वाचा फुटू शकेल. त्यासाठी लागणारी तारीखवार चौकट शुरहामर यांनी सिद्ध करून ठेवली आहे. तीत येथील माणसे भरण्याचे काम येथील अभ्यासकांचे आहे.